अंगठ्याचा खळगा

डनगारी गावच्या शेडमध्ये भिंतीवर नऊ पाट्या होत्या. डोळ्यांना चष्मा लावा. कान झाका. सैल बाह्या घालून लेथजवळ येऊ नका. दुसऱ्याचा कप वापरू नका. अशा आठ झाल्या की नववी सगळ्यांत मोठी, सरकारी खर्चाने रंगवलेली : ‘पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत. खांद्याला खांदा लावून काम करताना करतात. इथे बोला.’

पाटी चांगलीच होती. फक्त दुसरी पाटी पाळली की नववीचा उपयोग उरत नसे.

दर मंगळवारी सकाळी नऊला गावातले चौदा-पंधरा निवृत्त पुरुष या शेडमध्ये जमत आणि दुपारी बारापर्यंत लाकूड कापत, तासत, घासत. घरच्या बायकांना तेवढाच मोकळा श्वास. दहाला चहा आणि बिस्किटं. चहाला विषय चार : हवामान, फुटबॉल, कौन्सिलने रस्त्यांचं केलेलं वाटोळं आणि गुडघे. गुडघ्याच्या वर काही दुखत असेल तर ते शेडमध्ये बोलायची पद्धत नव्हती.

या शेडचं नाव आसपासच्या गावांत झालं ते दाढीच्या ब्रशांमुळे. जुन्या हत्यारांच्या मुठी आणि दांडे घ्यायचे. पटाशीची मूठ, हातोड्याचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, मिळेल ते. बोटभर तुकडा कापायचा, वरून भोक पाडायचं, लेथवर चढवून गोल करायचा, पॉलिश पेपरने आरशासारखा घासायचा, तेल पाजायचं आणि भोकात केसांचा झुबका चिकटवायचा. झुबके पोस्टाने चीनमधून येत. बाकी सगळं अस्सल गावचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाजार भरे, तिथे शहरातून आलेली तरुण मंडळी हे ब्रश हातोहात नेत. शेडमधले लोक स्वतः डब्यातला तयार फेस वापरत. ब्रशने दाढी करत बसायला वेळ कुणाला आहे, असं ते सगळे निवृत्त लोक म्हणत.

मुठी येत कुठून? तर शेडमधला कुणी गेला की त्याची बायको किंवा मुलं हत्यारांची पेटी आणून देत. त्याच्या हत्यारांचे ब्रश होत आणि प्रत्येक ब्रशाला दोऱ्याने एक छोटं कार्ड बांधलं जाई. कार्डावर ‘यांच्या स्मृतीस’ एवढं छापलेलं. वरची मोकळी जागा नेव्हिल प्रॉक्टर भरत असे : नाव, धंदा, हत्यार. नेव्ह एकतीस वर्षं गावचा पोस्टमास्तर होता. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं.

‘नेव्हच्या अक्षरात नाव यावं म्हणून तरी माणसाने मरावं,’ असं क्लॅरी म्हणायचा.

हा क्लॅरी मॅकिन्नन गावचा सुतार. गावातली निम्मी छपरं त्याची, आणि उरलेल्या निम्म्या छपरांबद्दल त्याचं मत सगळ्यांना पाठ होतं. शेडमध्ये लेथवर पटाशी कशी धरायची हे प्रत्येकाला त्याने शिकवलं. नेव्हला शिकवताना मात्र त्याने हात टेकले होते. ‘अरे लेका, तू लाकूड कापत नाहीस,’ तो म्हणायचा, ‘तू त्याच्याकडे अर्ज करतोस. आणि उत्तराची वाट बघत बसतोस.’ दोघांची दोस्ती पन्नास वर्षांची. दर रविवारी नदीवर मासे धरायला जात आणि दिवसभरात मिळून वीस शब्द बोलत. त्यातले पंधरा माशांना उद्देशून असत.

एका फेब्रुवारीत क्लॅरीला झटका आला आणि डावी बाजू गेली. बायको आधीच वारलेली, मुलगी जेनिस पर्थला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिने त्याला वॉलगूरच्या वृद्धनिवासात ठेवलं. वॉलगूर गाडीने चाळीस मिनिटं.

आजारी माणसाला भेटायला कधी जावं, हा प्रश्न सगळ्या देशांतल्या सगळ्या घरांत पडतो. शेडने तो फार विचारपूर्वक सोडवला. पहिला महिना : ‘त्याला जरा रुळू दे तिथे.’ मग हिवाळा आला, तिकडे तो जूनमध्ये येतो : ‘आपण सर्दी घेऊन जायचो, आणि लागायची त्याला.’ हिवाळा संपल्यावर कुणीतरी हुकमी वाक्य काढलं : ‘क्लॅरी किती मानी माणूस. आपण त्याला असं बघितलेलं आवडायचं नाही त्याला.’

हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यात न जाणाराच मोठ्या मनाचा ठरतो.

सगळ्यांनी मिळून एक शुभेच्छापत्र मात्र पाठवलं. पत्ता नेव्हने घातला. अतिशय सुवाच्य.

नोव्हेंबरात जेनिसने बापाचं घर विकलं आणि जाता जाता हत्यारांची पेटी शेडच्या दारात ठेवून गेली. तिलाही घाई होती, संध्याकाळचं विमान होतं. शेडचा अध्यक्ष रसेल याने झाकण उघडलं. रसेल पूर्वी कौन्सिलात बांधकाम-तपासनीस होता आणि त्याला कुठल्याही गोष्टीत आधी माल दिसे.

‘काय लाकूड आहे बघ,’ तो म्हणाला. ‘हिकरी. असलं आता मिळत नाही.’

‘पण क्लॅरी अजून आहे,’ नेव्ह म्हणाला.

‘आहे ना. कोण नाही म्हणतंय? पण हातोडा मारणार आहे का तो आता?’

यावर नेव्ह काही बोलला नाही. शेडमध्ये कुणी काही बोललं नाही म्हणजे ठराव संमत झाला असं धरत.

त्या पेटीत क्लॅरीचा मोठा हातोडा होता. चाळीस-बेचाळीस वर्षं वापरलेला. दांड्यावर एका बाजूला, अंगठा टेकतो तिथे, लाकूड झिजून खळगा पडला होता. बदामाएवढा, गुळगुळीत, घामाने काळा झालेला. नेव्हने त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. बसला नाही. क्लॅरीचा अंगठा रुंद होता.

मग त्याने दांडा कापला आणि लेथवर चढवला. खळगा खोल होता, तो जाईपर्यंत बरंच लाकूड काढावं लागलं. तासभर लागला. ‘पहिल्यांदाच तुझ्या हातून काहीतरी गोल झालं,’ रसेल म्हणाला, आणि ते खरं होतं. ब्रश देखणा झाला. नेव्हने कार्ड घेतलं, नाव लिहिलं, सुतार लिहिलं, हातोडा लिहिलं. छापलेल्या ओळीकडे त्याचं लक्ष गेलं नाही असं नाही. पण दुसरी कार्डं छापलेलीच नव्हती.

पेटीतून अकरा ब्रश झाले. नाताळच्या बाजारात दहा गेले.

मार्चच्या पहिल्या शनिवारी नेव्ह आणि रसेल बाजारात टेबल मांडून बसले होते. निळ्या गणवेशातली एक पोरगी आली. केसांत कानामागे फूल, छातीवर नावाची पट्टी : सेरा. वॉलगूरच्या निवासात काम करणाऱ्या फिजीच्या पोरी आता बाजारात सगळ्यांच्या परिचयाच्या होत्या.

‘काका, दाढीचा ब्रश हवाय. मऊ बघून द्या. एका आजोबांसाठी.’

‘तुझे आजोबा?’

‘माझे कुठले? निवासातले आहेत. गालाला मशीन लावू देत नाहीत. तोंड फिरवतात. परवा तर चावले मला.’ हे ती कौतुकाने सांगत होती. ‘म्हणतात, डनगारीच्या शेडमध्ये ब्रश करतात, आणायचा तर तिथला आण, नाहीतर वाढू दे.’

इथे नेव्हने नाव विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. जे माहीत आहे ते विचारून पक्कं करून घ्यायचं नाही, ही त्याची जुनी सवय. त्याने टेबलावरचा अकरावा ब्रश उचलून तिच्या हातात दिला. ‘हा घे. हिकरी आहे.’

सेराने कार्ड मोठ्याने वाचलं. ‘क्लॅरेन्स मॅकिन्नन. सुतार. हातोडा. यांच्या स्मृतीस.’ तिने पुन्हा एकदा मनात वाचलं. मग वर बघितलं. ‘पण यांना तर मी आज सकाळी लापशी भरवली.’

‘ती ओळ छापील आहे,’ रसेल म्हणाला.

‘छापील असली म्हणजे?’

‘म्हणजे सगळ्याच कार्डांवर असते.’

‘बाकीचे सगळे मेलेत का?’

‘मेलेत.’

‘मग यांना काय सांगू मी? तुमचा नंबर आधीच लागलाय म्हणून?’

रसेलला टेबलाखालच्या खोक्यात काहीतरी शोधायचं आठवलं. नेव्ह एकटा सापडला.

‘हे बघ पोरी,’ तो म्हणाला, ‘क्लॅरी आमचा फार जवळचा. माझा तर पन्नास वर्षांचा दोस्त. पण मानी आहे. त्याला तशा अवस्थेत आम्ही बघितलेलं आवडायचं नाही.’

‘विचारलंत त्यांना?’

‘असलं विचारत नसतात.’

‘मी त्यांना रोज आंघोळ घालते, काका. मी बघितलेलं चालतं त्यांना. तुम्ही बघितलंत तर काय होणार आहे? चेहरा वाकडा झालाय, खरं आहे. जेवताना सांडतं. पण त्यांना काही लपवायचं नाहीये. तुम्हाला बघायचं नाहीये.’

नेव्हने टेबलावरचे ब्रश एका रेषेत लावले. ते आधीच रेषेत होते.

‘आमच्या गावात बरोबर उलटा ताप,’ सेरा म्हणाली. ‘माणूस आजारी पडला की सगळं गाव चटया घेऊन घरात. गातात काय, खातात काय, भांडतात काय. माझी आजी ओरडायची, अरे मला जरा शांतपणे मरू द्या रे. नाही दिलं मरू शांतपणे. पण तिला दाराकडे बघत बसावं लागलं नाही.’ तिने ब्रश टेबलावर ठेवला. ‘मंगळवारी सकाळी ते मला खुर्ची दाराकडे तोंड करून लावायला सांगतात. नऊला. जेवणाची घंटा होईपर्यंत तसेच. मी विचार करायची, मंगळवारी असतं तरी काय.’

मंगळवारी काय असतं ते नेव्हला माहीत होतं.

‘अजून ओळखतात माणसं. काही दिवस ओळखतात, काही दिवस नाही. नाहीचे दिवस वाढायला लागलेत. यायचं तर याच आठवड्यात या, काका. महिन्याने आलात तर मी भेटेन तुम्हाला. ते नाही भेटायचे.’

‘मंगळवारी येतो,’ नेव्ह म्हणाला. ‘ब्रश मीच घेऊन येतो.’

‘सांगू त्यांना?’

‘सांग.’

मंगळवारी नेव्ह खिशात ब्रश घालून शेडवर गेला. सगळ्यांना घेऊनच जावं, असं त्याच्या मनात होतं. एकट्याने त्या दारातून आत जायची कल्पना त्याला सोसत नव्हती, हे त्याने स्वतःलाही सांगितलं नाही. चहाला त्याने विषय काढला. गुडघ्याच्या वरचा विषय निघाल्यामुळे जो तो बिस्किट चहात बुडवायला लागला.

‘जायलाच हवं,’ रसेल म्हणाला. ‘पण रीतसर. पंधरा जण एकदम घुसलो तर त्यांना चालेल का? आधी पत्र टाकू. शेडची गाडी न्यायची तर विम्याचं बघावं लागेल. एक भेट-समिती करू.’

समितीत कोण असावं यावर पाऊण तास चर्चा झाली. इतकी मोकळी चर्चा शेडमध्ये आजवर झाली नव्हती. एकाचं म्हणणं पडलं की भेटीला जाताना न्यायला एक छान लाकडी खोकं करावं. दुसऱ्याने लगेच माप काढलं. बारा वाजले. चाळीस मिनिटं जायला, तोवर म्हातारा जेवून झोपलेला असणार. पुढच्या मंगळवारी जाऊ, असं ठरलं.

पुढच्या मंगळवारी नेव्हच्या गाडीचं चाक बसलं होतं. ते बदलायला वीस मिनिटं लागतात. त्याने सकाळभर लावली. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्याचा गुडघा दुखत होता. खरंच दुखत होता. अशा वेळी गुडघेही माणसाला साथ देतात.

त्या संध्याकाळी त्याची बायको थेल्मा ओट्यापाशी बटाटे सोलत होती. नेव्ह टेबलाशी बसला होता, समोर ब्रश.

‘क्लॅरीकडे जायला हवं,’ तो म्हणाला.

‘मी दोनदा जाऊन आले.’

‘कधी?’

‘ऑक्टोबरात. आणि नाताळच्या आदल्या आठवड्यात. लिंबाचा केक नेला होता.’

‘मला बोलली नाहीस ते.’

‘तू विचारलं नाहीस.’

बटाट्याचं साल लांबच लांब निघत होतं. ते तुटेपर्यंत नेव्ह थांबला.

‘माझ्याबद्दल काही म्हणाला?’

‘पहिल्यांदा विचारलं. नेव्ह कुठाय म्हणाला. मी म्हटलं, गुडघा दुखतोय त्याचा.’

‘आणि दुसऱ्यांदा?’

‘दुसऱ्यांदा नाही विचारलं.’ थेल्माने बटाटा पाण्यात टाकला. ‘नेव्ह, मी तुझ्या वतीने आणखी खोटं बोलणार नाही हं. माझाही साठा संपत आलाय.’

चौथ्या मंगळवारी नेव्ह शेडवर गेला नाही. सरळ वॉलगूरला गेला. निवासाच्या आवारात गाडी लावून वीस मिनिटं आत बसून राहिला, आणि मग उतरला. सेरा दारातच भेटली.

‘तीन मंगळवार झाले, काका.’

‘हो.’

ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती गरम पाण्याचं भांडं आणायला गेली.

क्लॅरी खिडकीपाशी बसला होता. खुर्चीचं तोंड बागेकडे होतं, दाराकडे नव्हतं. नेव्हच्या ते लगेच लक्षात आलं. माणूस निम्मा झाला होता. गालांवर पांढरे खुंट वाढलेले, कुठे दाट, कुठे विरळ, सोडून दिलेल्या कुरणासारखे. डोळे मात्र स्वच्छ होते. ते डोळे नेव्हवर आले, ब्रशावर गेले आणि ब्रशावरच राहिले.

‘न्हावी का तुम्ही?’ क्लॅरीने विचारलं. शब्द एका बाजूने येत होते, पण येत होते. ‘बघू जरा.’

नेव्हने ब्रश त्याच्या उजव्या हातात दिला. त्या हाताने मूठ फिरवली, तळ चाचपला, रेषा पाहिली. पन्नास वर्षं सुतारकाम केलेला माणूस लाकूड तपासत होता.

‘हिकरी. लेथवर केलंय. काम बरंय.’ अंगठा मुठीवर इकडून तिकडे फिरत राहिला, काहीतरी हुडकत राहिला. ‘कुणाचा आहे?’

‘तुझाच आहे, क्लॅरी. तुझ्या मोठ्या हातोड्याचा दांडा.’

‘नाही, नाही. माझ्या दांड्याला अंगठ्याला जागा आहे.’ त्याने ब्रश परत केला. चूक दुसऱ्याची असली की तो नेहमीच सौम्यपणे बोलत असे. ‘हा कुणाचाही असेल. माझा नाही.’

नेव्हने साबण फेसला. सेराने क्लॅरीच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. गरम फेस गालाला लागला तसे क्लॅरीने डोळे मिटले. तोंड फिरवलं नाही. नेव्हने आयुष्यात दुसऱ्या माणसाची दाढी केली नव्हती. पन्नास वर्षांत क्लॅरीच्या चेहऱ्याला त्याने हातही लावला नव्हता. रविवारी नदीवर ते दोघे शेजारी शेजारी बसत, दोघांची तोंडं पाण्याकडे.

‘क्लॅरी,’ तो शेवटी म्हणाला, ‘मी नेव्ह. नेव्ह प्रॉक्टर.’

‘काय हो चेष्टा करता,’ क्लॅरी मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. ‘नेव्ह वारला.’

सेराचा टॉवेलवरचा हात थांबला.

‘कुणी सांगितलं तुला?’ नेव्हने विचारलं.

‘सांगायला कशाला हवं? पन्नास वर्षांचा दोस्त. ही पोरगी म्हणाली, मंगळवारी येतोय. खुर्ची फिरवून बसलो. आला नाही. पुढच्या मंगळवारी बसलो, नाही आला. तेव्हा समजलो.’ फेसाखालून आवाज शांत येत होता. ‘जिवंत असता तर आला असता. भला माणूस. लाकूड मात्र त्याला कधी कळलं नाही. अर्ज करायचा लाकडाकडे.’

नेव्हने पातं गालावर टेकवलं आणि खाली आणलं. मग दुसरी ओढ. एकदाही लागलं नाही. दाढी झाल्यावर क्लॅरीने गालावरून हात फिरवला, छान झाली म्हणाला, आणि पुढच्या मंगळवारी याल का असं विचारलं.

घरी आल्यावर नेव्ह मागच्या पडवीत बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या पेटीतून अर्धगोल कानस काढली, ब्रश शिकंज्यात धरला आणि मुठीच्या एका बाजूला अंगठ्यासाठी जागा घासायला सुरुवात केली. आधी कानस, मग पॉलिश पेपर, मग तेल. बदामाएवढा खळगा झाला. गुळगुळीत. चहाचं गडद पाणी लावून त्याने तो काळाही केला. नेव्हच्या हातून झालेलं हे आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम होतं.

मंगळवारी त्याने ब्रश क्लॅरीच्या हातात दिला. अंगठा फिरला. खळग्यापाशी आला. आत बसला. नेव्हला वाटलं, झालं, आता ओळखेल.

‘कानशीने केलंय,’ क्लॅरी म्हणाला.

नेव्हने पुढे वाकून पाहिलं.

‘कड बघा इथली. घासून केलेल्याची कड अशी राहते. वापरून पडलेल्याला कड नसते.’ त्याच्या आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. नव्या पोराला शिकवावं तसं तो शिकवत होता. ‘हा खळगा असा करता येत नाही. रोज हातात धरावं लागतं. बाकी काही इलाज नाही त्याला.’

‘किती दिवस?’

क्लॅरीने हिशेब केला. ‘मला दिसायला लागला तो दहा-बारा वर्षांनी. तुमचं वय काय?’

‘चौऱ्याहत्तर.’

‘मग सुरुवात करायला हवी लगेच,’ क्लॅरी म्हणाला, आणि गाल पुढे केला.

त्यानंतर नेव्ह एकही मंगळवार चुकला नाही. चाक बसलं तर बसने गेला. गुडघा दुखला तर दुखत्या गुडघ्याने गेला. प्रत्येक मंगळवारी त्याने न्हाव्याचं काम केलं आणि प्रत्येक मंगळवारी आपल्याच आठवणी ऐकल्या : नेव्हने १९७९च्या पुरात टपालाची पोती डोक्यावरून कशी नेली, नेव्हने गळाला स्वतःचीच टोपी कशी अडकवली. ‘असता तर तुमची ओळख करून दिली असती,’ क्लॅरी म्हणायचा. एकदाच नेव्ह म्हणाला, ‘क्लॅरी, त्याचं चुकलं रे.’ क्लॅरीला त्याचा राग आला. ‘मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये,’ तो म्हणाला, आणि त्या दिवशी निम्मी दाढी तशीच राहिली.

एका मंगळवारी वॉलगूरला निघण्याआधी नेव्हने शेडमध्ये हे सगळं चहाच्या वेळी उभं राहून सांगितलं. कुणाचे कान झाकलेले नव्हते. सांगून झाल्यावर दोघे उठले आणि त्याच्याबरोबर गेले. बाकीच्यांनी पुढे कधीतरी जायचं ठरवलं. रसेलला ते फार लागलं. त्याने आठवडाभर खपून दहावी पाटी रंगवली : ‘आजारी सभासदाला वेळेवर भेटा.’ पाटी अतिशय सुबक झाली. तो स्वतः गेला नाही. अजूनही ती पाटी नवव्या पाटीशेजारी आहे, आणि दोन्हींवरची धूळ नियमितपणे पुसली जाते.

क्लॅरी सप्टेंबरात गेला, एका गुरुवारी. शेडने नेव्हकडे कार्ड मागितलं. नेव्ह म्हणाला, ते आपण आधीच लिहून विकलंय. आणि तेही खरंच होतं. ब्रश करायला पेटीत एकही मूठ उरली नव्हती.

तर मंडळी, ही गोष्ट डनगारीची असली तरी आपण डनगारीचे नाही असं समजून कुणी निवांत बसू नये. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एक खुर्ची आहे आणि तिचं तोंड अजून दाराकडे आहे. ‘त्याला आवडायचं नाही’ हे वाक्य तोंडात आलं तर ते त्याच्याबद्दल आहे की आपल्याबद्दल, एवढं एकदा तपासावं. भेटकार्डं पाठवू नयेत असं नाही. पण कार्ड दारातून आत येत नाही, खुर्ची ओढून बसत नाही, आणि त्याला ओळखावंही लागत नाही. माणूस ओळखतोय तोवर जावं. ओळखेनासा झाला तरी जावं, पण तेव्हा जाणं हे आपल्यासाठी असतं, त्याच्यासाठी नव्हे, हे मनात ठेवून जावं. माणसात माणसाची जागा रोजच्या वापरानेच पडते. ती मागाहून कानशीने करता येत नाही.

नेव्ह अजून मंगळवारी वॉलगूरला जातो. क्लॅरीच्या शेजारच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्याने सेराला विचारलं होतं, तो मंगळवारचा न्हावी आता येणार नाही का म्हणून.

आणि रोज सकाळी नेव्ह आपली दाढी क्लॅरीच्या त्याच ब्रशाने करतो. अंगठा खळग्यात ठेवतो. अजून नीट बसत नाही. कड लागते.